एकट्याने गोल्फ खेळायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पार्टनर आणि टी टाइम मिळवायची पद्धत

गोल्फ शिकून झालं, सेट घेऊन झाला, प्रॅक्टिस रेंजवर बॉलच्या बकेटच्या बकेट मारून झाल्या, आणि मग कळतं की आपल्या ओळखीत एकही माणूस गोल्फ खेळत नाही. ऑफिसात क्रिकेटसाठी अकरा मिळतात, बॅडमिंटनला सोसायटीतलेच चौघं पुरतात, पण गोल्फ म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग "बरंय बाबा तुमचं" म्हणतात. अशा एकट्या माणसासाठी हे लिहितोय, खास करून ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर, खारघर, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एकट्याला टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, मिळणं अवघड वाटतं पण प्रत्यक्षात सगळ्यात सोपं गिऱ्हाईक एकटाच असतो. कोर्सवर लोक चौघांच्या ग्रुपने खेळतात, आपल्याकडे सरसकट फोरबॉलच म्हणतात त्याला, आणि दर आठ-दहा मिनिटांनी एक ग्रुप सुटतो. चौघांतला एक जण ऐनवेळी गळतो, हे रोजचं आहे. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला एका सीटसाठी ओरडत असतो तसंच समजा, फक्त इथे ओरडत कुणी नाही, आपण जाऊन विचारावं लागतं.

हँडिकॅप का काढायचा

बरेच जण म्हणतात मला कुठे टूर्नामेंट खेळायचीय, हँडिकॅप कशाला. अहो, ठरलेल्या शॉटपेक्षा (त्याला पार म्हणतात) तुम्हाला साधारण किती जास्त लागतात त्याचा आकडा म्हणजे हँडिकॅप, अनोळखी लोकांमध्ये तोच तुमचा बायोडेटा. २०२० पासून जगभर एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे आणि भारतात ती इंडियन गोल्फ युनियनमार्फत चालते. पहिला हँडिकॅप मिळायला एकूण ५४ होलचे स्कोअर द्यावे लागतात, ते ९-९ होलचे तुकडे करून दिले तरी चालतात, आणि जास्तीत जास्त हँडिकॅप ५४ पर्यंत मिळतो, म्हणजे अगदी नवख्यालाही लाज वाटायचं कारण नाही. पुढे २० स्कोअर झाले की त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी धरतात.

आता गंमत अशी की एकट्याने खेळून आलेला स्कोअर हँडिकॅपसाठी धरतच नाहीत. सोबत निदान एक माणूस पाहिजे आणि कार्डावर मार्करची, म्हणजे तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याची, सही पाहिजे. म्हणजे पार्टनर शोधायला हँडिकॅप हवा आणि हँडिकॅपला पार्टनर हवा. हे कोडं सोडवायचा सोपा मार्ग म्हणजे तुमचा कोच. ज्या प्रोकडे शिकताय त्याला स्पष्ट सांगा की मला १८-१८ होलची तीन कार्डं पूर्ण करायचीत, तुमच्या बॅचमधला कोण आहे माझ्यासारखा? त्याच्याकडे असे तीन-चार लोक हमखास असतात आणि त्यातला प्रत्येक जण समजत असतो की एकटा आपणच अडकलोय.

अजून शिकायला सुरुवातच केली नसेल तर पर्सनल कोचिंग न घेता ग्रुप बॅच घ्या. स्विंग थोडा सावकाश सुधारेल, ठीके, पण तीन महिन्यांनी तुमच्याकडे तुमच्याच लेव्हलचे तिघं असतील. काही कोर्सवर नवीन माणसाला थेट सोडत नाहीत, कोचचं पत्र किंवा हँडिकॅप सर्टिफिकेट मागतात, तेही त्याच दारातून मिळतं.

जायचं कुठे

ठाण्यात राहणाऱ्याच्या नकाशावर पहिलं नाव खारघरचं. सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स, डोंगराच्या कुशीत, सेंट्रल पार्कच्या बाजूला. सुरू झाला तेव्हा ११ होलचा होता, मग १८ करायचं काम काढलं, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून विचारा की आज किती होल चालू आहेत, बाहेरच्यांना कुठल्या वेळा देतात आणि सुट्टी कुठल्या वारी. बऱ्याच कोर्सवर सोमवारी मेंटेनन्स असतो हे लक्षात ठेवा. आपल्या भागात मेंबरशिपच्या भानगडीशिवाय विचारता येईल अशी हीच जागा, त्यामुळे एकट्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत.

दुसरं चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७ चा जुना क्लब, १८ होल, ईस्टर्न एक्सप्रेसने ठाण्याहून जवळ. पण तो मेंबरांचा क्लब, तिथे मेंबरचा गेस्ट म्हणून जायचं. कुलाब्याचा यूएस क्लब सैन्यदलांचा, ताडदेवचा विलिंग्डन क्लब तर विचारूच नका, कुणी बोलावलं तर नवीन मोजे घालून जा.

मग पुणे. एक्सप्रेसवे धरला की खारघर-पनवेलवाल्यांना पुण्यातला कोर्स म्हणजे एका दिवसाचं काम. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स आहे, बावधनकडचं ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. एकट्याने जाण्यात टोल आणि पेट्रोल अंगावर येतं, म्हणून हे चौघं जमल्यावरचं काम, पण चौघं जमवायला हाच एक चांगला बहाणा पण आहे.

तुमच्याकडे एखाद्या जिमखान्याची किंवा क्लबची मेंबरशिप असेल तर ऑफिसात जाऊन अफिलिएटेड, म्हणजे तुमच्या क्लबशी जोडलेल्या, क्लबांची यादी मागा. लोक वर्षानुवर्षं फी भरतात आणि ती यादी कधी उघडत नाहीत. तसंच कंपनीचं. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधल्या आणि टीटीसी एमआयडीसीतल्या जुन्या कंपन्यांपैकी काहींच्या नावावर कुठे ना कुठे कॉर्पोरेट मेंबरशिप असते, ती फक्त डायरेक्टर लोक वापरतात आणि तीही डिसेंबरात. अॅडमिनला एक साधा मेल टाकायला काय जातं.

स्टार्टर आणि कॅडी मास्टर

हा भाग नीट वाचा, कारण अॅप आणि वेबसाइटपेक्षा या दोन माणसांमुळे जास्त खेळायला मिळतं. स्टार्टर म्हणजे पहिल्या टीजवळ, जिथून पहिला शॉट मारतात तिथे, टेबल टाकून बसलेला माणूस, कोण कधी सुटणार हे तो ठरवतो. त्याच्यासमोर एक शीट असते. डावीकडे वेळा, पुढे चार रकाने, रकान्यांत नावं, काही पेनाने लिहिलेली, काही पेन्सिलने. पेन्सिलवालं नाव म्हणजे अजून पक्कं नाही. काही ओळींत तीन नावं आणि चौथा रकाना कोरा. तो कोरा रकाना म्हणजे तुमची जागा. त्यावर तुमचं नाव यायचं तर स्टार्टरला तुम्ही आठवायला पाहिजेत.

त्यामुळे पहिल्यांदा जाल तेव्हा खेळायच्या आशेवर जाऊच नका. सकाळी रेंजवर जा, एक बकेट मारा, पटिंग (भोकाजवळचे हलके फटके) करा, आणि नऊ-साडेनऊला गर्दी ओसरली की स्टार्टरशी पाच मिनिटं बोला. सकाळी सात वाजता त्याच्याशी गप्पा मारायला जाल तर तो तुम्हाला उभंही करणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

बोलायचं काय? साधं आणि पूर्ण. "नमस्कार साहेब, मी ठाण्याहून येतो, एकटाच असतो. हँडिकॅप २६ आहे, चालतो भरभर. बुधवार आणि शुक्रवारी साडेसहा ते आठमध्ये कुठल्याही तिघांत एक जागा असेल तर मला फोन करा, पाऊण तासात पोचतो. नऊ होलपण चालतील." यात त्याला हवं ते सगळं आलं, किती जण, कसा खेळतो, वेळ कुठली, किती लवचिक. याउलट "कधी जागा असेल तर सांगा हं" म्हणाल तर तो हो म्हणेल आणि विसरेल. आणि पाऊण तास म्हणालात तर पाऊणच तास, घोडबंदर रोडला राहत असाल तर तासाच्या वर सांगा, गायमुखचा भरवसा देऊ नका.

कॅडी म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारा, आणि कॅडी मास्टर त्या सगळ्यांचा मुकादम. त्याचं वेगळं. त्याला आणि कॅडींना प्रत्येक ग्रुपची आतली माहिती असते. कुठले काका गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने येणार नाहीत, कुठला ग्रुप पैसे लावून खेळतो, कुणाला नवखा चालत नाही, कोण प्रत्येक पटला पाच मिनिटं घेतं. तुमच्यासोबत आलेल्या कॅडीला नावाने हाक मारा, अरे-तुरे नको, दादा म्हणा, त्याची फी आणि टीप त्याच वेळी हातात द्या, आणि राऊंड संपताना विचारा, "दादा, माझ्या लेव्हलचे कोण येतात सकाळी?" पुढच्या वेळी तोच तुमचं नाव एखाद्या ग्रुपला सुचवेल. मेंबर लोक कॅडीचं ऐकतात, वरवर दाखवत नसले तरी.

वेळ कुठली पकडायची

शनिवार-रविवार सकाळी सहा ते साडेआठ विसरा. तो वेळ ठरलेल्या ग्रुपांचा, काहींचे ग्रुप तर त्यांच्या लग्नाइतके जुने. एकट्याला मिळणाऱ्या वेळा तीन. वीकडेला अगदी पहाटे, वीकडेला दुपारी तीननंतर, आणि रविवारी अकरानंतर जेव्हा उन्हामुळे शहाणी माणसं घरी गेलेली असतात.

हिशोब असा करा की चौघांना १८ होलला चार ते साडेचार तास लागतात, नऊला दोन-सव्वादोन. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दुपारी साडेतीनला सुटलात तर नऊ होलच होतील. आणि डिसेंबर-जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात, त्यामुळे पहाटे साडेपाचला पोचून कॅन्टीनचा चहाच पिणार. एप्रिल-मेमध्ये मात्र सहाला सुटायचं आणि दहाच्या आत घरी, नंतरचं ऊन नवी मुंबईच्या दमटपणात माणसाला आडवं करतं.

वर्षातल्या रिकाम्या वेळा पण ओळखून ठेवा. मार्च एंडला सीए आणि बँकवाले गायब. दहावी-बारावीच्या परीक्षांत पालक गायब. गणपतीत अर्धा ग्रुप कोकणात. आणि गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा टी टाइम तर मागून बघाच, स्टार्टर स्वतः फोन करेल. जून ते सप्टेंबर पावसामुळे रेग्युलर लोक गळतात, एकट्यासाठी हा खरा सीझन, फक्त वीज कडाडली की क्लब खाली ठेवून सरळ आत यायचं, त्यात हिरोगिरी नाही, आणि झाडाखाली तर अजिबात थांबायचं नाही. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर कोर्स बंद असू शकतो, निघायच्या आधी फोन.

अनोळखी ग्रुपमध्ये पहिला राऊंड

एक जुनी गोष्ट सांगतो. २००४ पर्यंत गोल्फच्या एटिकेटमध्ये चक्क लिहिलेलं होतं की एकट्या खेळाडूला कोर्सवर काही स्थान नाही, त्याने बाकी सगळ्यांना वाट द्यावी. नंतर ते बदललं, आता वेगावर ठरतं, जो ग्रुप भरभर खेळतो त्याला पुढे जाऊ द्यायचं. पण जुन्या मेंबरांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही, त्यामुळे एकट्याने जरा नमतं घेऊनच जायचं.

पोचायचं अर्धा तास आधी. कॉलरवाला टी-शर्ट, जीन्स नको. पहिल्या टीवर स्वतः पुढे होऊन नाव आणि हँडिकॅप सांगायचा आणि तेव्हाच विचारून घ्यायचं की आज फॉरमॅट काय आणि पैसे लावता का. हा प्रश्न लाजून टाळू नका. बरेच ग्रुप नासाऊ खेळतात, म्हणजे पहिल्या नऊची एक पैज, पुढच्या नऊची दुसरी आणि पूर्ण अठराची तिसरी. ऐकायला शंभर रुपये वाटतं आणि शेवटी तिप्पट द्यावे लागतात. "मी आज नुसता खेळतो" म्हणालात तर कुणी रागवत नाही, पण हरल्यावर म्हणालात तर मात्र कायमचे रागावतात.

लेव्हल वेगवेगळी असेल तर स्टेबलफोर्ड सुचवा. हँडिकॅप धरून पारला २ पॉइंट, बर्डीला (पारपेक्षा एक शॉट कमी) ३, बोगीला (एक जास्त) १, त्याहून वाईट झालं की शून्य, आणि शून्य पक्कं झालं की बॉल उचलायचा आणि पुढे चालायला लागायचं. नवख्यासाठी यासारखं सुख नाही, कारण एका होलवर अकरा शॉट मारून तिघांना ताटकळत ठेवावं लागत नाही.

बाकी वेगाचं सांगतो, कारण तुम्हाला परत बोलावणार की नाही ते यावरच ठरतं. वाईट खेळणारा चालतो, हळू खेळणारा नाही. तुमचा नंबर येईपर्यंत क्लब हातात, अंतर बघून झालेलं, ग्लोव्ह घातलेला पाहिजे. प्रॅक्टिस स्विंग एक. बॉल हरवला तर शोधायला नियमाने ३ मिनिटंच मिळतात, आणि झाडीत गेलाय असं वाटलं तर तिथूनच प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा, बॉल मारून ठेवा म्हणजे परत मागे यायला नको. खारघरसारख्या डोंगराकडच्या गवतात गेलेल्या बॉलसाठी पावसाळ्यात आत शिरू नका, साप असतात, नवीन बॉल काढा. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, दुसऱ्याच्या पटच्या लाइनवर पाय नको, बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, स्वतः सारखा करायचा, फोन सायलेंट.

आणि कुणाला स्विंगबद्दल सल्ला द्यायचा नाही. तुम्हाला देतील, भरपूर देतील, अगदी ज्यांचा स्वतःचा बॉल सगळीकडे जातो तेही देतील. हो काका म्हणायचं आणि आपलं खेळायचं.

घरून कोर्सपर्यंत

ठाण्याहून पनवेलची ट्रान्स हार्बर लोकल थेट खारघरला सोडते, पहाटेच्या गाडीत जागा असते, पण परत येताना साडेआठ-नऊची गर्दी आणि खांद्यावर चौदा क्लबची बॅग हे काही जमणारं नाही. ट्रेनने जाणार असाल तर सहा-सात क्लब टाकलेली हलकी बॅग घ्या, एक हायब्रिड, दोन-तीन आयर्न, वेजेस, पटर, एवढ्यावर नऊ होल मजेत होतात. बेलापूरकडून येणाऱ्यांना मेट्रोचं सेंट्रल पार्क स्टेशन आहे, तिथून रिक्षा. गाडी असेल तर मात्र तिचा उपयोग पार्टनर मिळवायला करा. "मी माजिवड्याहून निघतो, ऐरोलीमार्गे, एकाला घेऊ शकतो" एवढं म्हणालात की तुमची किंमत एकदम वाढते. साध्या सेडानच्या डिकीत दोन बॅगा बसतात, तिसरी मागच्या सीटवर.

आपला ग्रुप बांधायचा

दुसऱ्यांच्या कोऱ्या रकान्यात बसून सहा-आठ महिने निघतात, पण नंतर कंटाळा येतो. तोपर्यंत तुमच्याकडे आठ-दहा नंबर जमलेले असतील. आता व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण चौघांचा करू नका. चार खेळाडू दर आठवड्याला हवे असतील तर यादीत निदान आठ पाहिजेत, कारण कुणाच्या घरी पूजा, कुणाची पाठ, कुणाचा क्लायंट सिंगापुरातून उगवलेला.

ग्रुपमध्ये मेसेज असा टाका की उत्तर एका शब्दात देता येईल. "शनिवार २:४०, खारघर, ९ होल, स्टेबलफोर्ड, पैज नाही. दोघं पक्के, २ जागा. गुरुवार रात्री ९ पर्यंत सांगा." "कोण कोण येणार रे या शनिवारी?" असा मेसेज टाकलात तर सतरा अंगठे आणि दोन गुड मॉर्निंगची फुलं येतील, माणूस एकही नाही. गुरुवारनंतर जो गळेल त्याने बदली आणायचा, हा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका. बुकिंगचे पैसे एकाने भरून बाकीच्यांनी त्याच रात्री जीपे करायचे, कारण दोनदा पैसे मागावे लागले की तिसऱ्यांदा बुक करायला कुणी पुढे येत नाही, ग्रुप मोडतात ते बहुतेक इथेच.

बायकांसाठी एक गोष्ट. पुरुषांच्या ठरलेल्या ग्रुपात घुसण्यापेक्षा वीकडेला सकाळी उशिरा येणाऱ्या लेडीज ग्रुपची चौकशी करा, स्टार्टरलाच विचारा. ते ग्रुप छोटे असतात आणि नवीन आलेलीला सांभाळून घेतात, शिवाय त्यांना चौथी जवळजवळ नेहमीच कमी असते.

मेंबर ओळखीचा झाला म्हणून लगेच "मला चेंबूरला घेऊन चला ना" म्हणू नका. गेस्टचं बिल त्याच्या अकाउंटला लागतं, गेस्टच्या वागण्याचा जाब त्याला द्यावा लागतो. तीन-चार राऊंड त्याच्यासोबत बाहेर खेळा, त्याला वाटलं तर तो बोलावेल. बोलावलं की ग्रीन फी (कोर्सवर खेळायची फी), कॅडी, जीएसटी सगळं धरून किती झालं ते विचारून त्याच दिवशी द्यायचे, नाही म्हणाला तर निदान नंतरचा चहा-नाश्ता तुमच्याकडून, आणि पुढच्या खेपेला त्याला तुमच्या ग्रुपमध्ये बोलवा.

कुणीच मिळालं नाही अशा दिवशीही जाऊन बघा. स्टार्टरने एकट्याला सोडलं तर मिळालेली संधी सोडू नका. पुढे चौघांचा ग्रुप असेल तर त्यांच्या मानेवर बसायचं नाही, प्रत्येक होलवर दोन बॉल खेळा, एक नेहमीचा आणि एक प्रॅक्टिसचा, स्कोअर तसाही कुठे लागणार नाहीये. त्यांनी हात करून पुढे बोलावलं तर भरभर मारून, थँक यू म्हणून निघायचं. आणि पुढे दोघंच दिसले तर पुढच्या टीवर गाठून विचारा, "तुमच्यासोबत आलो तर चालेल का?"